पाहुणे आले आणि वाक्य राहिलं

या लेखातलं कामाचं वाक्य आधीच सांगून टाकते. ते शेवटासाठी राखून ठेवलं की काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

कंबरदुखीच्या जोडीला पायातली ताकद जाऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा लघवी लागल्याचं, झाल्याचं कळेनासं झालं, तर मालीश नाही, शेक नाही, मणके बसवणं नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

एवढंच हवं असेल त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. पुढचं सगळं माझ्या डाव्या पायाबद्दल आहे, आणि डावा पाय हा काही फार रंजक विषय नाही. मात्र हेच वाक्य बारामतीच्या एका मंडपात माईकपासून समोरच्या सतरंजीपर्यंत का पोचलं नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. माईक माझ्याच हातात होता.

देव न्हाय, पाय हाय

मी इंदापूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझा नवरा अशोक लोणी देवकरच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहे. सासर बारामती तालुक्यातलं कऱ्हाटी. तिथं सासूबाई, म्हणजे आत्या, मोठे दीर विश्वनाथभाऊजी आणि सुमनताई, माझ्या जाऊबाई.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी कंबर धरली. फळ्यावर लिहिताना हात वर केला की खालून कुणीतरी दोर ओढावा तशी कळ यायची. इंदापूरच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, उजेडाकडे धरला, आणि मणक्यातली गादी थोडी सरकली असावी असं म्हणाले. कठीण अंथरूण, पट्टा, गोळ्या, आणि वाकायचं नाही. सकाळी पाणी भरून, डबा करून, ओटा आणि न्हाणी धुऊन कॉलेजला पळणाऱ्या बाईला वाकू नका सांगणं म्हणजे श्वास जरा बेतानं घ्या म्हणण्यासारखं आहे. पण डॉक्टर सभ्य होते. फी घेताना तेही वाकत नसत.

आत्यांना ही उसण वाटत होती. त्यांनी मला लोणी भापकरला एका पायाळू बाईंकडे नेलं. जन्मताना ज्यांचे पाय आधी बाहेर येतात ते पायाळू, आणि त्यांचा पाय कमरेला लागला की उसण जाते, असा आमच्या भागातला समज आहे. धर्मांतरानंतर आमच्या घरातून अंगारे, नवस, देवऋषी सगळं गेलं. मी आत्यांना त्याची आठवण दिली.

"पायाळू म्हंजे देव न्हाय," आत्या म्हणाल्या. "पाय हाय. पाय कुटं कुनाच्या धर्मात असतो?"

मी उंबऱ्याजवळ पालथी झोपले. बाईंनी डाव्या टाचेनं कमरेवर हलकेच दाब दिला, मग चहा केला. कंबर जशी होती तशीच राहिली. मात्र पुढं ज्यांनी ज्यांनी माझ्या कमरेला हात लावला, त्यांच्यात आपल्या कामाची जाहिरात न करणारी तेवढी एकच.

तळातलं नाव

मग मणक्याचं शिबिर आलं. परदेशात स्थायिक झालेल्या इथल्याच एका बागायतदाराच्या मुलानं आपला शेजारी आणला होता. डॉ. हॅरिस, कायरोप्रॅक्टर. हातानं मणके हलवून दुखणं कमी करणारे, औषध नाही, सुई नाही. हे कळताच तालुक्यात त्यांच्याबद्दल जो आदर पसरला, तो औषध देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला कधी मिळालेला नाही.

साहेबांना मराठी येत नव्हतं. दुभाषी हवा होता. भाऊजी तेव्हा एका सहकारी संस्थेत कारकून होते. माझी भावजय इंग्रजी शिकवती, असं ते शिबिराच्या कमिटीला बोलले, आणि निमंत्रण पत्रिकेवर 'आपले विनीत' या यादीत अगदी तळाला त्यांचं नाव छापून आलं. आमच्या आळीतलं नाव अशा पत्रिकेवर पहिल्यांदाच आलं होतं. वर्गणी काढायला, मंडप घालायला, सतरंज्या उचलायला आळीतली माणसं वर्षानुवर्षं होती. नाव नव्हतं. भाऊजींनी ती पत्रिका टीव्हीवर उभी करून ठेवली. मी मनात हसले होते. पुढं जे झालं त्यात या पत्रिकेचा हात आहे, म्हणून ती आधी सांगितली. भाऊजी वाईट माणूस नाहीत, हेही आत्ताच सांगते. लेख पुढं सरकेल तसं ते लक्षात ठेवणं अवघड जाईल.

हॅरिस साधा माणूस निघाला. स्टेजमागच्या खोलीत त्यानं माझ्याशीच आधी तासभर बोलून घेतलं. बहुतेक कंबरदुखी आपली आपण जाते, म्हणाला. चालतं-फिरतं राहिलं तर लवकर जाते. मणके हातानं मोकळे केले तर काही जणांना बराच आराम पडतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. हे सगळं सांग, म्हणाला. जादू म्हणून विकू नकोस. मला वाटलं, या माणसाला स्टेजवर नेणं धोक्याचं आहे.

बोलता बोलता माझीही कंबर दुखते हे त्याला कळलं. त्यानं पाय उचलायला लावले, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि तुला चालेल का असं विचारून मला प्रात्यक्षिकासाठी निवडलं. आधी ठरलेले एक मोठे बागायतदार ऐन वेळी अंगाला बोट लावू देईनात, हेही एक कारण होतं.

स्टेजवर टेबल होतं. मी कुशीवर झोपले, पदर खोचला, साहेबांनी खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला धरून एक झटका दिला. निवेदन करणारे प्राध्यापक माईक घेऊन वाकलेलेच होते. माझ्या हाडांचा 'कट्' असा आवाज चारही कर्ण्यांतून बाहेर पडला. मंडपानं टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला टाळ्या मिळाल्या नव्हत्या, त्या माझ्या कमरेला मिळाल्या.

आणि खरं सांगायचं तर मला आराम पडला. मी उठले, वाकले, स्वतःच्या हातानं चप्पल सरळ केली. अशी वाकून मला किती महिने झाले होते. डोळ्यांत पाणी आलं, ते समोरच्या बायकांनी पाहिलं आणि निवेदकसरांनीही पाहिलं. ते म्हणाले, "मंडळी, कंबरदुखी आता तालुक्यातून हद्दपार!" काही जणांना थोडा आराम, हे मी आधी माईकवर मराठीत सांगितलेलं तिथंच संपलं.

अर्धं वाक्य

शेवटी साहेब म्हणाले, आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे कुणी येऊ नये ते सांगतो. आणि त्यांनी वर लिहिलेलं वाक्य सांगितलं.

लघवी हा शब्द भर मंडपात कसा उच्चारायचा, याचा विचार मी एक क्षण केला आणि तो आहे तसाच उच्चारायचं ठरवलं. मी म्हटलं, "कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जर जायला लागली..." आणि बाहेर फटाक्यांची माळ लागली. बँड सुरू झाला. प्रमुख पाहुणे आले होते. ज्यांनी उद्घाटन करायचं ते शिबिर निम्मं झाल्यावर आले, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. सगळा मंडप उठून उभा राहिला. स्टेज उभं राहिलं. साहेबही सगळे उठले म्हणून उठले. मग हार, मग फेटा, मग दीपप्रज्वलन. वाऱ्यानं काड्या विझत होत्या, तेव्हा एकानं मेणबत्ती आणली, ती विझली, मग दुसऱ्यानं पाहुण्यांच्या हाताला आडोसा धरला.

सगळं उरकल्यावर मी निवेदकसरांजवळ गेले आणि सांगितलं, एक वाक्य राहिलंय, माईक द्या. कोणतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते माझ्या कानाशी आले.

"बाई, आता पाहुण्यांसमोर लघवी नको."

आणि त्यांनी माझं नाव पुकारलं. बऱ्या झालेल्या पहिल्या रुग्ण म्हणून माझाच सत्कार होता. शाल, नारळ आणि टाळ्या. साहेबांना वाटलं, त्यांचं वाक्य मराठीत सांगून झालं आहे. ते माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवत होते.

नंतर एसटी स्टँडजवळ पेंटरनं रंगवलेला शिबिराचा बोर्ड लागला. त्यावर माझं नाव आणि खाली 'एका झटक्यात ठणठणीत'. साप्ताहिकात फोटो आला. कॉलेजात मुलं माझ्या पाठीमागं हळूच तोंडानं 'कट्' असा आवाज काढू लागली. मुलांचं मला काही वाटलं नाही. ज्यांना वाटायला हवं होतं त्यांनी तो फोटो कापून ठेवला.

चप्पल

काही महिने बरे गेले. साहेबांनी शिकवलं होतं तसं मी कुशीवर वळून उठायची, संध्याकाळी चालायला जायची. हे मी अजून करते आणि इतरांनाही सांगते.

मग दिवाळीच्या सुट्टीत कऱ्हाटीला गेले असताना गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवायला मी वाकले. पाठीत काहीतरी सुटलं. कळ कुल्ल्यातून मांडीमागून टाचेपर्यंत उतरली. हे दुखणं जुन्या दुखण्याच्या नात्यातलं नव्हतं. मी अंथरुणाला खिळले. आत्यांनी शेकायला वीट तापवली.

दोन-तीन दिवसांत कळ जरा कमी झाली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मी उठून अंगणातून मोरीपर्यंत गेले. मागून सुमनताई म्हणाल्या, "अवो बाई, एक चप्पल हितंच ऱ्हायली की तुमची."

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कधी निसटली ते मला कळलं नव्हतं. मी अंगठा वर उचलून पाहिला. अंगठा माझ्याकडे बघत राहिला. मोरीत बसले आणि लक्षात आलं की लघवी होतेय की नाही हे मला आवाजावरून ओळखावं लागतंय. खालची जागा गोधडीसारखी झाली होती.

भिण्याचे अनेक प्रकार असतात. नुसती वेदना असली की माणूस ओरडतो. वेदना कमी होत जाते आणि तिच्याबरोबर पायही जात राहतो, तेव्हा माणूस अगदी शांत बसतो. मोरीत बसून मी ते इंग्रजी वाक्य शब्दाशब्दानं आठवलं. मग मराठीत पूर्ण केलं. ऐकायला कुणी नव्हतं.

अशोकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुण्याला जाऊ. पण कऱ्हाटीच्या घरात असं परस्पर कुणी जात नाही. थोरल्याला विचारायचं असतं. शिवाय भाऊजींनी स्वतःची शाळा सोडून अशोकला आयटीआय करवलं होतं, आणि अशोक ते विसरणाऱ्यांतला नव्हता. त्या चांगुलपणाचा मला त्या दिवसांत फार राग आला.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. अशोकनं लघवीचं सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, साहेब ह्याच आठवड्यात परत येतायत, शिबिर हाय, पहिला नंबर आपला. पुण्याचे डॉक्टर नुसते कापाय बसल्यात. पाठीला सुरी लागली की मानूस जल्माचा अधू.

मी म्हटलं, अशा वेळी हॉस्पिटलातच जायचं, हे साहेबांनीच सांगितलं होतं.

"तुमीच सांगितलं की माईकवर, आराम पडतो म्हनून. समद्या तालुक्यानं ऐकलं."

"ते अर्धंच होतं, भाऊजी. उरलेलं सांगायचं राहिलं."

"मग उरलेलं नेमकं आत्ताच कसं सुचलं?"

इतक्या वर्षांत माझ्या सचोटीला एवढा बारीक चिमटा कुणी काढला नव्हता. त्यांना मी खोटी वाटत नव्हते, हे आता कळतं. बोर्डावर नाव असलेली बाई शिबिराच्या तोंडावर ऑपरेशनला गेली, तर पत्रिकेच्या तळातलं नाव पुढच्या खेपेला राहील का, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांना विचारता येत नव्हता, म्हणून ते मला दुसरं काहीतरी विचारत होते.

आत्या पायाळू बाईंना बोलावू म्हणाल्या. सुमनताईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझी चप्पल पायाला घट्ट बांधून दिली. घड्याळ बघून मला मोरीत न्यायच्या, बादलीत पाण्याची धार सोडून बाहेर पाठमोऱ्या उभ्या राहायच्या, आणि मी हाक मारेपर्यंत दाराशी कुणाला येऊ द्यायच्या नाहीत. त्या दिवसांत माझ्यावर झालेला उपचार म्हणायचा तर तेवढाच.

भाषांतर

दुसरं शिबिर बारामतीत एका शाळेत होतं. मला जीपच्या मागच्या बाकावर आडवी घालून नेलं. मंडपात भाऊजींच्या छातीला बिल्ला होता. वर्गाच्या दारातून मी अशोकचा खांदा धरून आत गेले. डावा पाय फरशीवर फटक् फटक् पडत होता. हॅरिस हसत उठला होता. पायाचा आवाज ऐकला, पट्टी बांधलेली चप्पल पाहिली, आणि त्याचं हसू गेलं.

अंगठा वर कर, म्हणाला. झाला नाही. पिन टोचून कुठं कळतं ते विचारलं. मग त्यानं लघवीचं विचारलं. मी सांगितलं. भरल्या घरात ज्या गोष्टीसाठी मला नवऱ्याला मधे घालावं लागत होतं, ती परक्या भाषेत सरळ तोंडातून बाहेर आली. हॅरिस हात मागे घेऊन उभा राहिला. मी तुला हात लावणार नाही, म्हणाला. नस दबली आहे, हे माझं काम नाही. सर्जन हवा, आज, आत्ता. एवढे दिवस का थांबलात? मी सांगितलं होतं ना?

भाऊजी दारात होते. म्हणाले, काय म्हणत्यात साहेब?

मी दुभाषी. मीच रुग्ण. मी सांगितलं, "आज हॉस्पिटलात न्या म्हणतात. मी हात लावणार नाही म्हणतात."

"एवढं बोलले, अन् मराठीत एवढंच?"

त्यांनी निवेदकसरांना बोलावलं. सरांनी साहेबांचं म्हणणं पुन्हा ऐकून घेतलं. दाराबाहेर रांग होती, कमिटीचे दोघं-तिघं होते, सरांनी ते सगळं पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले की साहेबांच्या मते अधिक तपासणी इष्ट ठरेल.

"मग शिबिर झाल्यावर बघू," भाऊजी म्हणाले.

हॅरिसला मराठी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. त्यानं सरांना बाजूला केलं, अशोकच्या दंडाला धरून त्याला शाळेच्या पटांगणात नेलं, जीपचं मागचं दार उघडलं आणि बाकावर थाप मारली. "हॉस्पिटल. पूना. नाऊ." मग स्वतः आत येऊन मला हाताला धरून चालवत नेलं. रांगेतले लोक बाजूला झाले. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, नाहीतर मला वाटत नाही की आम्हाला वाट मिळाली असती.

भाऊजी जीपजवळ आले. कमिटीची जीप आहे, सतरंज्या आणायला लागेल, असं काहीतरी म्हणू लागले. अशोक ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मान वळवली नाही.

"दादा, गाडी पुण्याला चाललीया," तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते ऐकताना मला नवीन लग्न झाल्यासारखं वाटलं. मागे आडवी होते, त्यामुळं मला फक्त त्याच्या कानामागचा भाग दिसत होता. तो लाल झाला होता.

वॉर्ड

पुण्याला मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले आणि विचारलं, आधी का नाही आलात? भूल देणाऱ्यांनी तेच विचारलं. सर्जननी तेच विचारलं. पुढं मला हे इतक्या जणांनी विचारलं, की उत्तर कुणालाच नको होतं हे लक्षात आलं. नुसतं विचारलं की विचारणारा सुटतो.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. त्याबद्दल मला काही आठवत नाही, आणि हे मी भूल देणाऱ्यांचं मोठं काम मानते.

वॉर्डातले दिवस पहाटे कपडा बदलण्यापासून सुरू होत. दोघी मावश्या मला लाकडी ओंडक्यासारखी अलगद कुशीवर वळवायच्या, आणि वळवताना एकमेकींशी सुनांबद्दल बोलायच्या. लघवीची नळी होती, खाली पिशवी होती, आणि मी इंग्रजी शिकवते हे पिशवीला माहीत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा राउंड असायचा. ते येणार म्हटलं की सिस्टर धावत चादरी ओढायच्या, नातेवाइकांना हाकलायच्या, आणि अंग पुसणं अर्ध्यावर टाकून मावश्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या. एकदा मी तशीच अर्धी ओली, साबण लागलेली, चादरीखाली थांबून राहिले. मनात म्हटलं, पाहुणे आले.

भीती दुपारी यायची. गप्पा संपलेल्या, डबे धुऊन झालेले, पंखा गरगरतोय. मग मी चादरीखाली डावा अंगठा हलवून पाहायची. हलला असं वाटायचं. चादर बाजूला करायची. अंगठा पडलेला. आयुष्यभर डायपर लावून वर्गात उभं राहायचं का, हा विचार मी अशोकला सांगितला नाही. आम्ही पेपर वाचायचो, तो बातम्या आणि मी लहान जाहिराती.

नळी काढल्यावर एक दिवस सकाळी मला ओळखीचं काहीतरी जाणवलं. मला खात्री वाटेना. मग वाटली. "अहो," मी म्हटलं, "मला लघवी लागलीय." अशोक उठला, आणि बेडपॅन आणायचं सोडून वॉर्डभर सांगत सुटला. पलीकडच्या कॉटवरच्या म्हातारीनं हात जोडले. लघवीचा एवढा आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मंडपात न बोलता येणारा तो शब्द इथं कॉटवरून कॉटवर चालला होता.

पाय मात्र आला नाही. नस फार दिवस दबून राहिली, सर्जन म्हणाले. काही दिवस आधी आला असतात तर सांगता येत नाही, पण बहुधा. हे 'बहुधा' घेऊन मी घरी आले. अजून माझ्याकडे आहे.

भाऊजी हॉस्पिटलात उशिरा आले, शहाळी घेऊन. ऊसतोडीबद्दल बोलले, आत्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. पायाकडे पाहिलं नाही. निघताना म्हणाले, बोर्डावरचं तुमचं नाव पुसाय लावलं. पुढं मी एसटीतून जाताना तो बोर्ड पाहिला. नाव खरंच पुसलं होतं. त्या जागी 'अनेक रुग्ण' असं लिहिलं होतं. 'एका झटक्यात ठणठणीत' तसंच होतं.

खुर्ची

लोक मला विचारतात, मग मणके बसवणं खोटं का? खोटं नाही. माझ्याच कॉलेजातल्या एका बाईंची मान हॅरिसच्या हातानं मोकळी झाली. मलाही त्यानं काही महिने दिले होते, ते मी नाकारत नाही. साधी कंबरदुखी असेल, पाय शाबूत असतील, शिकलेला माणूस तपासून हात घालत असेल, तर आराम पडू शकतो. पडला नाही तर उठून घरी यावं. माझ्या तक्रारीत त्याचे हात कुठंच येत नाहीत. त्या हातांभोवती जे हार होते, त्यांच्याबद्दल ती आहे.

पुढच्या शिबिराच्या वेळी भाऊजी इंदापूरला घरी आले. साहेबांनी दुभाषी म्हणून माझंच नाव सांगितलं होतं. दुसरा कुणी चालणार नाही, म्हणाले होते. कमिटीनं निरोप भाऊजींकरवी धाडला होता. त्यांनी चहा बशीत ओतला, प्याले, आणि हे सांगून माझ्या उत्तराची वाट बघत बसले. नव्या पत्रिकेवर त्यांचं नाव तळातून एक ओळ वर सरकलं होतं.

मी एकच अट घातली. माईक हातात आला की राहिलेलं वाक्य पहिलं. भाऊजींनी कुणाला विचारलं की नाही, मला माहीत नाही. म्हणाले, बोला.

पायात आता पट्टी लावलेला बूट होता. तो पाऊल धरून ठेवतो, पण जास्त वेळ उभं राहिलं की मांडी थरथरते. म्हणून मला स्टेजवर माईकपुढं खुर्ची दिली. हॅरिस शेजारी उभा होता. मी सुरुवात केली. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जायला लागली, असं म्हटलं, बसायची जागा बधिर झाली, असं म्हटलं, आणि बाहेर फटाके लागले.

या वेळी पाहुणे त्यांच्या मानानं लवकर आले होते.

मंडप उठला. स्टेज उठलं. निवेदकसर माईककडे हात पुढं करून आले. पाहुणे हात जोडून पायरीशी आले होते आणि बँड श्वास घ्यायला थांबला होता. मी माईक दोन्ही हातांनी धरला आणि बसल्या जागेवरून म्हटलं, "किंवा लघवी लागलेली, झालेली कळेनाशी झाली, तर इथं यायचं नाही. मालीश करायची नाही. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जायचं. घरात कुणी थांबा म्हटलं तरी थांबायचं नाही."

शेवटचं वाक्य साहेबांचं नव्हतं. चारही कर्ण्यांतून ते व्यवस्थित गेलं. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं. बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही. पाहुणे पायरीवर हात जोडून तसेच उभे राहिले, कारण त्यांनी पुढं काय करायचं हे पत्रिकेत नव्हतं. मग निवेदकसरांनी माईक घेतला आणि हार सुरू झाले.

कार्यक्रमानंतर भाऊजी मला जीपपर्यंत सोडायला आले. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. दारात थांबून, माझ्या बुटाकडे पहिल्यांदाच बघत म्हणाले, "पाव्हन्यांनी इचारलं मला, बाई उठल्या का न्हाईत म्हनून. मी सांगितलं, पाय बरा न्हाय त्यांचा. उठता येत न्हाय."

मी आत बसले, आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला.

"उठता आलं असतं, भाऊजी," मी म्हटलं.